ठाण्यासमोरचा पंच

खून झाला की टीव्हीवरचा पोलीस आधी गॉगल काढतो. मग प्रेताकडे न बघता खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "यात काहीतरी खटकतंय." साहेबांनी पस्तीस वर्षं खून तपासले, पण त्यांना कधी काही खटकलं म्हणून नव्हतं. खात्यात लौकिकच तसा होता त्यांचा. खून कुठलाही असो, आठव्या दिवशी आरोपी हजर आणि कागद तयार. वरिष्ठ मंडळी दुसऱ्यांना झापताना त्यांचं उदाहरण द्यायची, आणि ते दुसरे त्यांच्या नावानं बोटं मोडायचे.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की घराचं काय होतं, ते त्यांच्या बायकोला विचारावं. डब्याचं झाकण सापडेना, तर हे तिची जबानी घ्यायचे. शेवटचं कधी पाहिलं, तेव्हा हातात आणखी काय होतं, घरात कोण कोण होतं. झाकण मात्र दर वेळी तिलाच सापडायचं. त्यामुळे एका मालिकावाल्यांनी साहेबांना सल्लागार म्हणून बोलावलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. आठवड्यातले तीन दिवस तरी तिच्यावरचा संशय टळणार होता.

मालिका खुनाचीच. एक प्रेत, एक तडफदार अधिकारी आणि सव्वीस भाग लांबवलेला तपास. टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत ती लिहिली जायची. मधे टेबल, त्यावर तळाशी कॉफी वाळलेले कप, आणि भिंतभर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. मुख्य लेखक ऐन उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून बसायचा, कारण एसीचा झोत थेट त्याच्या डोक्यावर यायचा आणि जागा बदलली की त्याला सुचत नसे. त्याच्या शेजारी एक चष्मेवाली मुलगी. गोष्टीतला कोणता माणूस किती वाजता कुठे होता, याचा भलामोठा तक्ता ठेवणं हे तिचं काम, म्हणजे पाचव्या भागात परगावी गेलेला माणूस सहाव्या भागात जिन्यात उभा दिसायला नको. तिला सगळे तक्तेवाली म्हणत आणि मनातून टरकून असत, कारण तिच्या तक्त्यापायी आजवर तीन खुनी निर्दोष सुटले होते.

पहिल्या दिवशी साहेब कडक इस्त्रीत गेले, ते शिकवायच्याच तयारीनं. शवविच्छेदनाचा अहवाल दहा मिनिटांत येत नाही, त्यांनी सांगितलं.

"मग कधी येतो?" मुख्य लेखकानं विचारलं.

"तीन महिने. आपला माणूस मागे लावला तर दोन."

लेखकानं ते मन लावून लिहून घेतलं आणि अहवाल दहा मिनिटांतच आणला. भरदुपारी हातात टॉर्च घेऊन कोणी फिरत नाही, असं साहेब म्हणाले, तर त्यानं खिडक्यांना पडदे लावले. अधिकारी भिंतीवर फोटो लावून ते लाल दोऱ्यानं जोडत बसत नाही, हे ऐकल्यावर मात्र तो खरोखर गोंधळला. "मग तो विचार कुठे करतो?" त्यानं विचारलं. शेवटी काहीही सांगितलं तरी लेखकाचं एकच ठरलेलं वाक्य असायचं. "खरं आहे साहेब, पण खरं वाटत नाही."

तरी साहेबांची कॉलर ताठच होती. बँकेतला कारकून खिडकीतून मान बाहेर काढून विचारायचा, खुनी कोण हो. साहेब गूढ हसायचे. खुनी कोण हे त्यांना माहीत नव्हतंच, लिहिणाऱ्यांनाही नव्हतं. पण गूढ हसायला माहिती लागत नाही.

मालिका चालली. दुसऱ्या सत्रासाठी मुख्य लेखक म्हणाला, "आता तुमचंच काहीतरी द्या साहेब. अस्सल." साहेब याचीच तर वाट बघत होते. घरी जाऊन त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून पाच फायली काढल्या. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात झेरॉक्स मारून आणलेल्या.

"असल्या घरी आणायला परवानगी असते का हो?" बायकोनं विचारलं.

"आठवण म्हणून आणल्यात," साहेब म्हणाले.

"लोक फोटो आणतात," ती म्हणाली आणि आत गेली.

सगळ्यात वरची फाईल शिकवणीवाल्या बाईंच्या खुनाची. तिच्यावर साहेबांना पदक मिळालं होतं. बाई एकट्या राहायच्या, राहत्या घरात मारल्या गेल्या. त्याच इमारतीत एक रंगारी जिना रंगवत होता आणि खुनानंतर दोन दिवस तो गायब होता. तिसऱ्या दिवशी धरला. आठव्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रंग खरवडायची धारदार पट्टी सापडली. रंगाऱ्याला जन्मठेप लागली. शेवटपर्यंत तो एकच म्हणत होता, की ती पट्टी माझी नाही. सगळेच असं म्हणतात.

फायली देऊन आठवड्यानं साहेब खोलीत शिरले तर सगळे उभे राहिले. मुख्य लेखकानं चक्क टोपी काढली. त्याचं टक्कल साहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"साहेब, मानलं तुम्हाला," तो म्हणाला.

भिंतीवरच्या जुन्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. नव्या पाच होत्या, आणि त्यांच्या मधोमध कात्रीचं चित्र. तक्तेवाली फूटपट्टी घेऊन भिंतीजवळ गेली. "पाच खून, नऊ वर्षं, वस्त्या वेगवेगळ्या. मेलेल्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एक माणूस पाचही ठिकाणी आहे. कोरड्या विहिरीत कुऱ्हाड सापडली, तेव्हा हा काठावर. गोदामात दोरी सापडली, तर हा दारात. बाईंच्या गच्चीवर पट्टी सापडली, तिथेही हाच. धंदा सलूनचा."

साहेबांना क्षणभर काही उमजेना. उमजलं तेव्हा ते घाईनं भिंतीजवळ गेले. "अहो, तो पंच आहे," ते म्हणाले.

"तेच तर," मुख्य लेखक आनंदानं टेबलावर बसला. "पोलिसांना वाटतं, भला माणूस आहे, साक्षीला येतो. आणि खून करतोय हाच. हातात वस्तरा, समोर मान. लोक दाढी करायला जायचे नाहीत, साहेब. आणि तुम्ही तोंडातून एक शब्द काढला नाहीत. फायली दिल्यात आणि आम्ही ओळखतो का, ते बघत बसलात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगा, पंधरा सेकंद साहेबांना बरंही वाटलं. टाळ्या वाजत असताना माणसानं नाही म्हणावं तरी कसं.

खरी गोष्ट एवढीच होती की सलून ठाण्याच्या अगदी समोर होतं. काही जप्त केलं की पंचनामा लिहायचा, आणि माझ्या समक्ष हे सापडलं अशी पंचाची सही घ्यायची, हा नियम. आता पंच म्हणून येता का, असं विचारत दारोदार कोण हिंडणार? लोक दारं लावून घेतात. सलूनवाला दार लावत नसे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की साहेबांचा शिपाई कागद घेऊन रस्ता ओलांडायचा आणि दोन मिनिटांत सही होऊन यायची. सगळेच असं करायचे. निदान साहेबांनी स्वतःला पस्तीस वर्षं असंच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे दाढीला गेले. सलूनवाला खुशीत होता. मालिकेची माणसं येऊन दुकानाची मापं घेऊन गेली होती, खुर्च्यांचे, आरशांचे, अगदी ब्रशच्या डबीचेही फोटो काढून नेले होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते सांगत होता. "माझं काम कोण करणार हो, साहेब?" त्यानं साबणाचा फेस करत विचारलं. "जरा केस असलेला घ्यायला सांगा. नाहीतर धंद्याला बरं दिसत नाही."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, पण गळ्यावर वस्तरा आला होता. त्या जागी माणूस वाद घालत नाही.

"तीस वर्षं सह्या केल्या ठाण्याच्या," सलूनवाला म्हणाला. "फुकट नाही गेल्या. बायकोला म्हटलं, बघ, टीव्हीवर येणार." मग हात थांबवून त्यानं विचारलं, "तो रंगारी सुटला का हो? त्याच्या आईला मी मधे बसस्टॉपवर पाहिलं. पार वाकली आहे."

"आत आहे. चौदावं वर्ष," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"त्यानं केलंच होतं ना?"

"तुमचीच तर सही आहे त्यावर."

सलूनवाला हसला. "मी काय, तुम्ही आणलात म्हणून केली. म्हटलं साहेबांनी आणलंय, म्हणजे असणारच."

त्यानं पाणी मारून चेहरा पुसला. साहेबांनी आरशात पाहिलं, गुळगुळीत दाढी झाली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ती कोणाला दिसू नये म्हणून ते सुट्टे न घेताच बाहेर पडले.

त्यांनी ठरवलं की काहीही करून सलूनवाल्याला त्या भिंतीवरून उतरवायचं. खुन्याचं म्हणून त्याचं दुकान घरोघरी दिसलं, तर त्या माणसाचं वाटोळं होईल. रंगाऱ्याबद्दल त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं. तो विचार आला की ते पेपर उघडायचे.

"सलूनवाला काढा," दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत जाऊन सांगितलं. "तो तिथे नव्हता."

"कुठे नव्हता?" तक्तेवालीनं विचारलं.

"कुठेच."

तिनं फाईल उघडली. "पण सही आहे. 'माझ्या समक्ष' असं लिहिलंय. वेळसुद्धा दिली आहे. खरं म्हणजे आम्हाला त्यातच एक अडचण येत होती. एकाच तारखेला सकाळी सव्वाअकराला तो विहिरीवर आहे आणि बारा किलोमीटरवरच्या गोदामातही आहे."

"त्याला आम्ही जुळा भाऊ देणार होतो," मुख्य लेखक म्हणाला.

"अहो, भाऊ कसला," साहेब वैतागले. "तो दुकानातच असायचा. सह्या संध्याकाळी घ्यायचो आम्ही. वेळ आपली टाकायची म्हणून टाकायची."

तक्तेवालीनं चष्मा काढून पुसला. तिचा आवाज चढला नाही. "मग गच्चीवर पट्टी सापडली, तेव्हा कोण होतं?"

"मी होतो."

"आणखी कोणी?"

"मी होतो ना," साहेब म्हणाले.

"म्हणजे काय आहे काका, रंगाऱ्याच्या पिशवीतलं सामान तिसऱ्या दिवशीच जप्त झालंय. यादीत पट्टी आहे, लाकडी मुठीची. मग आठव्या दिवशी टाकीमागे जी सापडली, तिची मूठ प्लास्टिकची. त्याच्याकडे दोन होत्या असं कोणीच म्हटलेलं नाही. प्रेक्षक पत्रं पाठवतील आम्हाला."

चौदा वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. वकिलानं नाही, न्यायाधीशानं नाही. साहेब भोक बुजवायला धावले, जसे आयुष्यभर धावले होते. "त्यात काय एवढं. त्यानं आदल्या दिवशी नवी घेतली असं दाखवा. दुकानदार सांगेल."

"कुठला दुकानदार?"

"बघू ना. एखादा साक्षीदार मिळेल."

साहेबांनी स्वतःचं वाक्य ऐकलं आणि समोरची फाईल मिटली.

मुख्य लेखकानं हळूच टोपी पुन्हा घातली. "साहेब, हा रंगारी खरोखरचा आहे का? म्हणजे, आहे अजून?"

"आत आहे."

"बाप रे," लेखक म्हणाला, आणि टोपी सारखी करत पुढे म्हणाला, "पण मग खुनी सलूनवाला नकोच. अधिकारीच घेऊ. हे तर त्याहून भारी आहे. साहेब, तुम्ही ती पट्टी नेमकी कुठून आणलीत, तेवढं जरा..."

"तुम्ही गप्प बसा हो," तक्तेवाली त्याला म्हणाली. तो बसला. मग तिनं कोरा कागद पुढे ओढला आणि साहेबांना विचारलं, "काका, त्यानं केला होता का खून?"

"मला खात्री होती," साहेब म्हणाले. "दोन दिवस पळाला होता. पुरावा नव्हता, आणि वरून रोज फोन यायचे. खात्री होती म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणली."

"आता आहे का खात्री?"

साहेबांनी जप्तीची यादी ओढून घेतली आणि पट्टीची ओळ पुन्हा वाचली. तिनं सगळं जसंच्या तसं लिहून काढलं, वर तारीख आणि वेळ घातली, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली आणि कागद त्यांच्या हातात दिला. ठाण्यात द्याच अशी जबरदस्ती केली नाही. तेच साहेबांना जास्त झोंबलं.

घरी त्यांनी बायकोला कागद वाचायला दिला. ती भाजी निवडत होती. तिनं हात पुसून शांतपणे शेवटपर्यंत वाचला.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "घरात समोर ठेवलेली किल्ली तुम्हाला कधी दिसली नाही. बाहेर मात्र टाकीमागचं, विहिरीतलं सगळं बरोबर दिसायचं."

"पदक काढून घेतील. कदाचित मलाही आत घालतील."

"घालतील," ती म्हणाली. "मी डबा घेऊन येईन. त्या रंगाऱ्याची आई चौदा वर्षं जातेच आहे." आणि पुन्हा भाजीला लागली, पण तिला डोळे पुसताना साहेबांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ठाण्यात गेले. खुर्चीत त्यांच्याच हाताखाली शिकलेला अधिकारी होता. तो धडपडत उठला, खुर्ची पुसली, चहा मागवला.

"मालिकेचं काही आहे का, साहेब?" कागद बघून त्यानं विचारलं. "आमच्या घरी सगळे बघतात."

"जबाब आहे. जुन्या केसचा. नोंद घे."

"तुम्ही दिलात म्हणजे झालं. त्यात वाचायचं काय?" त्यानं कागद उलटून खालची मोकळी जागा तेवढी पाहिली. "पंच लागेल एक." आणि साहेब काही म्हणायच्या आत त्यानं खिडकीतून समोर हात केला.

सलूनवाला खांद्यावर टॉवेल टाकून आला. मागे खुर्चीत त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या फेसानिशी बसून होतं. "नमस्कार साहेब. कुठे करू?" म्हणत त्यानं खिशातलं पेन काढलं. साहेबांनी हात पुढे केला, पण तोवर सही झालीसुद्धा होती. तीस वर्षांची सवय ती.

"बसा," साहेब म्हणाले. "वाचून दाखवतो."

"मला? कशाला हो?"

साहेबांनी वाचलं. सह्या संध्याकाळी घेतल्या ते, पंच कधीच जागेवर नव्हता ते, पट्टी स्वतः ठेवली ते. पट्टीचं वाक्य वाचताना एक शब्द सुटला, तेव्हा थांबून त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं. सलूनवाला टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होता. अधिकारी आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

"म्हणजे रंगाऱ्यानं नाही केलं?" सलूनवाल्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी या खोलीत पूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. "मी शोधलंच नाही."

समोरून गिऱ्हाइकानं हाक मारली, पण सलूनवाला बाकावरून उठला नाही.

अधिकारी उठला आणि त्यानं दार लावलं. "साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचं वय झालंय. हा कागद इथे आलाच नाही असं समजू. मी विसरतो, तुम्हीही विसरा. यानं नुसती माझी नोकरी आणि तुमची पेन्शन नाही, किती जणांची..."

"बारा वाजायला दहा मिनिटं आहेत," साहेब म्हणाले. "आपण तिघं इथे हजर आहोत. तसं लिही."

अधिकाऱ्यानं पेनाला हात लावला नाही. त्याला आशा एकच होती. तो सलूनवाल्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही जा हो, तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

सलूनवाल्यानं बाक टेबलाजवळ ओढला. "परवा तुम्ही तो बॅगवाला पकडलात आणि माझी सही घेतलीत," तो म्हणाला, "त्याचंही यातच लिहून घ्या. मी नव्हतो तिथे."